घोडा घ्यायचाय का तुम्हाला?

दिवाळीच्या पाडव्यापासून अकलूजला घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे घोडे येतात. पांढरेशुभ्र, काळे कुळकुळीत, नाचणारे, बावरणारे. आमच्या आबांना तो बाजार एकदा बघायचा होता. तरुणपणी त्यांच्याकडे एक तट्टू होतं, त्यावर बसून ते बाजाराला जायचे. तट्टू विकलं, मग सायकल आली, मग एसटी, मग गुडघे गेले. घोड्याची हौस मात्र राहिली होती.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठाला. अकलूज जीपने दोन तासांवर. दर दिवाळीला आबा विषय काढायचे, तोही सरळ नाही. "औंदा लई घोडी आल्यात म्हणं अकलूजला," एवढंच म्हणायचे आणि गप्प बसायचे. पप्पा पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "घोडा घ्यायचाय का तुम्हाला?" आणि घरातले सगळे हसायचे. मीही हसायचो. आबासुद्धा हसायचे, आपलंच काहीतरी चुकल्यासारखं.

२०२३च्या डिसेंबरात आबा गेले. घोडे राहिले.

हा लेख मी त्या एका प्रश्नाविरुद्ध लिहितोय. घोडा घ्यायचाय का तुम्हाला? म्हणजे काम काय तुमचं तिथे? घेणं ना देणं, मग जायचं कशाला? असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नाही. मी मित्रांबरोबर कोकणात गेलो तेव्हा 'मासेमारी करायचीय का' असं कुणी म्हणालं नाही. पावसाळ्यात गड चढून आलो तेव्हा 'किल्ला घ्यायचाय का' असं कुणी विचारलं नाही. माझ्या वयाला नुसतं बघायला जाण्याची मुभा आहे. त्याला आपण ट्रिप म्हणतो, रील टाकतो, सोमवारी ऑफिसात त्याच्याबद्दल बोलतो. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि आपण मंजूर केलेली कारणं तीन-चारच आहेत: दवाखाना, लग्न, मयत आणि देव.

आता तुम्ही म्हणाल, देव आहे की! वर्षाला एखादं देवदर्शन घडवतोच आम्ही. आम्हीही घडवलं होतं. आमचं कुटुंब काही दुष्ट नाही. आबा जायच्या आधीच्या उन्हाळ्यात आम्ही आबा-आज्जीला एका यात्रेच्या बसमध्ये बसवून दिलं. चार दिवसांत नऊ ठिकाणं, माणशी साडेसहा हजार, चहा-नाष्टा-जेवणासह. स्टेटसला फोटो टाकले, खाली पन्नास जणांनी हात जोडले. पोरांनी पांग फेडले असं गावात झालं.

त्या चार दिवसांत काय झालं ते आज्जीने मला पुढे वर्षभरात तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पहाटे चारला उठवायचे. मे महिना, पत्रा तापलेला. बस कुठे थांबेल याचा नेम नाही आणि थांबली तरी बायकांना जायला जागा असेल याचा नेम नाही, म्हणून आज्जीने दुसऱ्या दिवसापासून पाणी प्यायचंच सोडलं. तिसऱ्या दिवशी तिला चक्कर आली. ती बसमध्येच पडून राहिली आणि आबा तिच्या शेजारी बसून राहिले. म्हणजे नऊपैकी चार देव दोघांनी पाहिलेच नाहीत. पाहिले त्यांचं काय? आज्जीचं उत्तर असं: "म्होरच्या बाईचा अंबाडा दिसला. देव तिला दिसला आसंल."

परत आल्यावर लघवीच्या जळजळीसाठी तिला आठवडाभर गोळ्या घ्याव्या लागल्या. यात देवाचा काही दोष नाही. म्हाताऱ्या माणसांचा आनंद म्हणजे ठिकाणांची संख्या, असं धरून चालणाऱ्या आपल्या डोक्याचा दोष आहे.

आणि हे डोकं एकट्या आमच्या घराचं नाही. २०२४च्या जुलैमध्ये राज्य सरकारने 'मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना' आणली. वय साठ आणि पुढे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, माणशी तीस हजारांपर्यंतचा खर्च सरकारचा. योजनेत वेगवेगळ्या धर्मांची ठिकाणं आहेत आणि ज्यांना आयुष्यभर काशी बघायची होती त्यांना ती बघायला मिळणार असेल तर मला आनंदच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. साठीच्या पुढच्या माणसाला फिरवायचं ठरवल्यावर सरकारला फक्त देवळाची पायरी आठवते. त्याला नदी बघायची असेल, माहेरची शाळा बघायची असेल, आयुष्यभर कालवा खणला त्याचं पाणी कुठवर गेलं ते बघायचं असेल, हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं एक कोटी दहा लाखांहून जास्त होती. त्या सगळ्यांची हौस एकच कशी असेल?

"पण त्यांनाच देवाला जायचं असतं," हे उत्तर मला हमखास मिळतं. खरंय, विचारलं की ते देवाचंच नाव घेतात. कारण त्यांना माहीत आहे की तेवढीच मागणी पास होते. देवाला जायचं म्हटलं की पोरगा खिशात हात घालतो. घोडे बघायचेत म्हटलं की घर हसतं. बाईमाणसाचं तर विचारू नका. आमच्या आज्जीच्या पिढीत बाईने 'मला फिरायला जायचंय' असं म्हणणं म्हणजे लाज सोडल्यासारखं. म्हणून वारीला जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत विठ्ठल असतोच, पण वाटेत रंगणाऱ्या फुगड्याही असतात, आणि पंधरा-वीस दिवस चूल फुंकायची नाही हाही आनंद असतो. विठ्ठलाने त्यांना तेवढी सूट दिली. आपण ती देत नाही. एकदा विचारून देवाचं नाव आलं तर दुसऱ्यांदा विचारा. 'आणि देव सोडून?' असं विचारा. मग थोडा वेळ गप्प बसा. मी विचारलं तेव्हा आज्जी बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मला माझं घर बघायचंय."

घर म्हणजे माहेर. आज्जीचं माहेर पळसदेवाच्या शेजारची वस्ती, भीमेच्या पलीकडच्या काठाला, इंदापूर तालुक्यात. तिच्या लग्नाच्या वेळी मधे फक्त नदी होती. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढं, लुगडं वर धरून चालत माहेरी जायचं. वैशाखात भाऊ मुराळी म्हणून यायचा आणि दोघं रमतगमत नदी ओलांडायची. मग उजनी धरण झालं. १९८०च्या सुमाराला पाणी चढलं, वस्ती बुडाली, माणसं उठून वर हायवेकडे गेली. चालत जायचं माहेर वळसा घालून गाडीने जायचं झालं. आई-वडील गेले, भाऊ गेला, आणि आज्जीचं जाणंच थांबलं. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं ती रोज त्या पाण्याच्या अलीकडच्या काठाला राहिली. तिला पलीकडे कुणी नेलं नाही, कारण पलीकडे 'बघायला काही नव्हतं'.

काही नव्हतं? उजनी आटते तेव्हा पळसदेवाचं जुनं दगडी देऊळ पाण्यातून वर येतं. पुण्याहून गाड्या भरून माणसं येतात, ड्रोन उडवतात, फोटो काढतात. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी येतात, तेव्हा हातभर लेन्सा घेऊन माणसं पहाटे होडीत बसतात. पाण्याखाली ज्यांची घरं गेली त्यांचं पाणी बघायला शंभर किलोमीटरवरून लोक येतात आणि ज्यांची घरं गेली ते ओसरीवर बसून असतात. मला याचा राग येतो. माझाही येतो, कारण मीही तिथे मित्रांबरोबर दोनदा जाऊन आलो होतो. आज्जीला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

२०२४चा उन्हाळा वाईट होता. उजनी 'मायनस'मध्ये गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला होता. शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्याच वर्षी देऊळ पुरतं उघडं पडलं. मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही गेलो. होडीचा विचार केला नाही. लांबच्या वाटेने, गावातल्या वडापच्या जीपने गेलो. आज्जी, तिची शेजारीण, माझी आत्या आणि मी. पहाटे पाचला निघालो. बरोबर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, पाण्याचा जार, भाकरी, पिठलं, कांदे, आणि आंब्याच्या पाच-सहा फोडी लोणच्यातल्या. वाटेत दोनदा थांबलो. थांबायच्या जागा मी आदल्या दिवशी फोन करून ठरवल्या होत्या: एक ओळखीचा पेट्रोल पंप, एक आत्याच्या नणंदेचं घर. दोन्हीकडे नीट संडास होता. आज्जी वाटभर पाणी प्यायली.

तिथे पोहोचलो तर जमीन भेगाळलेली, लांबवर शिंपले पसरलेले, आणि मधे देऊळ. मला वाटलं होतं आज्जी देवळाकडे जाईल. तिने देवळाला लांबूनच हात जोडले आणि उलट्या दिशेला चालायला लागली. काठी टेकत, मधे खुर्ची मांडून बसत, पुन्हा उठत. एका दगडी जोत्यापाशी थांबली. तिच्या मते ते त्यांचं नव्हतं, शेजारच्यांचं होतं. तिथून तिने पावलं मोजली. एका जागी येऊन म्हणाली, "हितं चूल." पुढे दोन पावलं. "हितं आई निजायची." मला तिथे नुसती माती दिसत होती. आत्या तिथेच मट्‌कन खाली बसली. तिने तिच्या आजोळचं घर लहानपणी पाहिलं होतं आणि ते असं जमिनीवर पुन्हा मांडलं जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

आम्ही तिथे अडीच तास होतो. दुसरीकडे कुठेही गेलो नाही. कुणी 'चला चला' केलं नाही. उन्हं चढायच्या आत, साडेदहाला, एका लिंबाखाली भाकरी खाल्ली आणि परत निघालो. येताना आज्जी आणि शेजारीण गाडीत ओव्या म्हणत होत्या. मी माझ्या आज्जीला ओव्या म्हणताना त्याआधी फक्त माझ्या लहानपणी ऐकलं होतं.

खर्च सांगतो, कारण 'परवडत नाही' हा पुढचा मुद्दा असतो. जीपचे अडीच हजार. बाकी सगळं घरचं. चौघांत धरला तर माणशी सव्वासहाशेच्या थोडे वर, कारण वाटेत चारजणांचा चहा झाला. देवदर्शनाच्या बसला याच्या दसपट गेले होते.

पुढचा मुद्दा तब्येतीचा. 'या वयात झेपायचं नाही.' झेपत नाही ते फिरणं नाही, आपली फिरवण्याची पद्धत. एका दिवसात एकच जागा. एका बाजूला दोन तासांच्या आतला प्रवास. उन्हाळ्यात पहाटे निघून दुपारच्या आत परत. पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या दिवसांत, थोडं आरामात निघालं तरी चालतं. दर तासा-दीड तासाला थांबा, आणि थांबा म्हणजे जिथे दार लागतं असा संडास. गोळ्यांची पिशवी बरोबर. खुर्ची बरोबर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुठे जायचं आणि कधी परत फिरायचं हे त्यांनी ठरवायचं. यातली कुठली गोष्ट अवघड आहे? चार मित्रांच्या गोवा ट्रिपसाठी आपण याच्यापेक्षा जास्त प्लॅनिंग करतो.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडे होतंच. उन्हाळ्यात माहेरपण होतं. लेकी-सुना वैशाखात चार दिवस माहेरी जायच्या, आंबे खायच्या, काही करायच्या नाहीत. कार्तिकात आवळीभोजन होतं. आवळ्याच्या झाडाखाली सगळ्यांनी मिळून जेवायचं, गप्पा मारायच्या, संध्याकाळी घरी. आपल्या खापरपणज्यांना ऋतू कळत होते. ऊन भाजायच्या आधीचा उन्हाळा आणि चिखल वाळल्यानंतरचा शरद, बाहेर पडायचे ते हे दिवस. आपण आवळीभोजन सोडलं, माहेरपण दोन तासांच्या भेटीवर आणलं, आणि त्याबदल्यात चार दिवसांत नऊ देव दिले.

तिसरा मुद्दा: सरकार काय कमी करतंय? एसटी तर फुकट आहे! आहे. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मं तिकीट आहे, मार्च २०२३पासून सगळ्या बायकांना निम्मं तिकीट आहे. या सवलतींना नावं ठेवणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. या सवलतीने कितीतरी म्हाताऱ्या बायका लेकीच्या घरी जाऊन आल्या. पण तिकीट फुकट केलं म्हणजे प्रवास झाला असं नाही. एसटीची पहिली पायरी ज्या गुडघ्याला चढत नाही त्याला शून्य रुपयांचं तिकीट काय करायचं? गाडी फाट्यावर थांबते आणि फाटा वस्तीपासून दोन किलोमीटर असतो. तिथवर कोण सोडणार?

म्हणून मी एक साधी मागणी करतो. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. का, तर पोरांनी जग बघावं. मग गावातल्या ज्येष्ठांच्या सहलीलाही प्रासंगिक कराराची गाडी त्याच निम्म्या भाड्यात द्या. गाडी फाट्यावर नको, वस्तीवर यावी. चढायला लाकडी पाट ठेवा. तो गावचा सुतार एका दिवसात करून देईल. ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्याच्या तोंडाला आणि एकदा दिवाळीच्या आगेमागे, ही सहल काढावी. ठिकाण ग्रामसभेत म्हाताऱ्यांनी हात वर करून ठरवावं. देऊळ ठरलं तर देऊळ. धरणाची भिंत ठरली तर भिंत. नीरा नरसिंहपूरला नीरा आणि भीमेचा संगम बघत नुसतं बसायचं ठरलं तर तसं. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा बघायला पुण्याचे लोक येतात; ज्यांनी त्याच्यासारख्या माळावर उभं आयुष्य मेंढरं राखली त्यांनाही एकदा खुर्चीत बसून ते रान बघू द्या, मेंढरांची काळजी न करता.

ग्रामपंचायत हे उद्या करणार नाही, मला माहीत आहे. म्हणून उरलेलं बोलणं तुमच्याशी, म्हणजे हे फोनवर वाचणाऱ्याशी. तुमचं गाव असेल, तिथे कुणीतरी असेल. तुम्ही पुण्यात, मुंबईत, नाशिकला असाल. सुट्टीला गावी जाता तेव्हा दोन दिवस तुम्ही त्याच ओसरीवर मोबाइल बघत बसता आणि शेजारी आज्जी तुमच्याकडे बघत बसते. त्यातली एक सकाळ द्या. पैसे पाठवू नका, यात्रेच्या बसचं बुकिंग करू नका. तुम्ही जा बरोबर. आणि 'पुढच्या वर्षी' म्हणू नका. पंचविशीत पुढचं वर्ष येतं. पंच्याऐंशीत त्याची खात्री नसते.

२०२४च्या पावसात उजनी पुन्हा भरली. देऊळ, जोतं, चुलीची जागा, सगळं परत पाण्याखाली गेलं. त्या दिवाळीला मी घरी होतो. पाडवा झाल्यावर आज्जीला म्हणालो, अकलूजला जाऊ. पप्पांनी पेपरातून वर बघितलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "मीपण येतो."

बाजारात धूळ होती, गर्दी होती. एका बाजूला, सावलीला, आम्ही खुर्ची मांडली. समोरून एकाने पांढरा घोडा चालवत नेला, त्याची मान अशी वळलेली. आज्जीने किंमत विचारली. तो म्हणाला, "सात लाख, आज्जी. घ्यायचाय का?"

आज्जी म्हणाली, "न्हाई. बघायचाय."

तो थांबला. घोडा फिरवून त्याने पुन्हा एकदा तिच्यासमोरून चालवला. पप्पा माझ्या शेजारी उभे होते. ते तोंड फिरवून दुसरीकडेच बघत होते, जिकडे घोडे नव्हते.